अडीच तास

सिद्धगडाचा पायथा, ता. मुरबाड
१८ नोव्हेंबर २०२४

चि. मनस्वीस अनेक आशीर्वाद,

“पट्टी अशी आवळा, की रोग्याला नाही, विषाला कळ लागली पाहिजे.” आमच्या गाइडच्या वेखंडेबाई हे म्हणायच्या, त्याला आता एकतीस वर्षं झाली. तुझं पत्र वाचलं आणि पहिलं आठवलं ते हेच.

तुमच्या गाइडच्या कॅप्टनबाईंनी नोंदवहीत चिकटवायला नातेवाइकांची चार पत्रं आणायला सांगितली आहेत, हे फार बरं केलं. शेखरने तुझा मोबाईल कपाटात ठेवला, तेही बरंच केलं. तुझा बाप माझा धाकटा भाऊ असला तरी कधी कधी त्याला चांगलं सुचतं. त्यामुळे का होईना, पोस्टमन माझ्या शाळेच्या दारात थांबला. मुलं विचारत होती, “बाई, कोर्टाचं काय आलं का?”

तर वेखंडेबाई. शाळेच्या पटांगणात एकीला रोगी करून झोपवायचं. तिच्या पायाला साप चावला असं धरायचं आणि स्कार्फचा घडी केलेला पट्टा गुडघ्याखाली बांधून त्यात काठी घालून पीळ द्यायचा. मग बाई येऊन पट्टीखाली करंगळी घालून बघायच्या. करंगळी गेली की म्हणायच्या, “मेला तुमचा पेशंट. तेराव्याला बोलवा.” सगळ्या संघाला पुन्हा पहिल्यापासून करायला लागायचं. माझ्या पट्टीखाली बाईंची करंगळी कधी गेली नाही. तेवढी एकच गोष्ट मला वर्गात सगळ्यांपेक्षा चांगली येत होती.

राज्य पुरस्काराच्या शिबिराला मात्र मी गेले नाही. भाताची झोडणी चालू होती आणि तुझे आजोबा म्हणाले, “पोरींनी रानात तंबू ठोकून काय मिळवायचंय?” मी गणवेशाची घडी घालून ठेवली. आता तू त्याच शिबिराला निघाली आहेस, आणि तेही माझ्या शाळेपासून चार-पाच मैलांवर. घरच्यांनी भेटायला येऊ नये असा नियम आहे, म्हणून मी येणार नाही. पण त्या चार दिवसांत माझं लक्ष वर्गात नसेल, हे तुला सांगून ठेवते.

तू सात वर्षांची असताना ओट्यावर बसून माझ्या पायाला ओढणी बांधायला शिकलीस. तुझी आई ओरडली होती, “सोड गो, पाय काळा पडला तिचा.” आपण दोघी हसत होतो. विसरली नसशील.

तुझी,
संजीवनी आत्या


शेणवा, ता. शहापूर
९ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,
नमस्कार.

हे पत्र मी नोंदवहीसाठी लिहीत नाहीये. नोंदवहीत याच्यातलं अर्धंच जाईल, कारण तिथे आमच्या कॅप्टन भोईर मॅडम लाल पेनाने “थोडक्यात लिहा” असं लिहितात.

शिबिर झालं. तंबू, गाठी, नकाशा, चूल या सगळ्यांत आमच्या मोगरा संघाला चांगले गुण पडले. पिठलं करपलं, तिथे कमी पडले. परीक्षक बाई म्हणाल्या, “याला खमंग म्हणतात का तुमच्याकडे?” आमच्या संघातली पूजा म्हणाली, “हो मॅडम, शहापूरला असंच करतात.” आम्हाला शिक्षा म्हणून सगळ्यांची भांडी घासायला लागली.

तिसऱ्या दिवशी हाईक होती. संघनायिका म्हणून मी पुढे होते. डोंगराच्या उताराला गवत कापणाऱ्या बायका होत्या. त्यांच्यातली एक एकदम खाली बसली. मला वाटलं, विळा लागला. जवळ गेलो तर म्हणाली, “फुरसं चावलं गो.” पायाच्या घोट्यावर दोन टिपके होते. तिचं नाव हिरी. ती तुझ्या शाळेच्या वरच्या वाडीतली आहे. तुझं नाव सांगितल्यावर म्हणाली, “मास्तरीणबायची भाची व्हय.”

आत्या, माझे हात आपोआप चालले. स्कार्फ काढला, पट्टा केला, गुडघ्याखाली बांधला, काठी घातली आणि पीळ दिला. करंगळी घालून बघितली. गेली नाही. पूजा फार घाबरली होती, काहीबाही बोलत होती. मी तिला गप्प बसवलं. मग दोन काठ्या आणि बायकांनी भारे बांधायला आणलेली दोन जुनी लुगडी घेऊन स्ट्रेचर केलं आणि आळीपाळीने उचलून तिला खाली रस्त्यावर आणलं. जीप मिळेपर्यंत आणि दवाखाना येईपर्यंत अडीच तास गेले. तेवढा वेळ मी तिच्या पायाशी बसून होते. मध्ये ती म्हणाली, “जरा सैल कर गो, पाय फुटतोय.” मी म्हटलं, “ताई, ते विषाला दुखतंय.” ती हसली. खरंच हसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी निरोप दिला की जिवाचा धोका टळला. समारोपात माझं नाव घेतलं. पेपरातही आलं, पण फोटोत आपल्या धाकट्या ओमकारच्या मते मी घुबडासारखी दिसते. बाबांनी कात्रण दुकानात लावलं आहे. भोईर मॅडम म्हणाल्या की शौर्य पुरस्कारासाठी शाळा माझं नाव पाठवणार. हे सगळं मी पहिलं तुला सांगते आहे.

हिरीताईला भेटलीस तर माझा नमस्कार सांग.

तुझी,
मनस्वी


सिद्धगडाचा पायथा
१६ डिसेंबर २०२४

चि. मनू,

तुझं पत्र मी मधल्या सुट्टीत वाचलं आणि सुट्टी संपल्यावर पुन्हा वाचलं. चौथीच्या मुलांना सांगितलं की आज गणित नाही, आज मी तुम्हाला माझ्या भाचीची गोष्ट सांगणार. त्यांना आनंद गणित नसल्याचाच जास्त झाला.

माझा गणवेश घडीत राहिला, त्याचं मला इतकी वर्षं वाईट वाटायचं. आज वाटलं नाही. वेखंडेबाई असत्या तर त्यांना मी तुझं पत्र नेऊन दाखवलं असतं.

हिरीला मी ओळखते. तिचा धाकटा माझ्या शाळेत दुसरीत आहे. तो आठवडाभर आलेला नाही. रविवारी वर वाडीत जाऊन येते आणि तुझा नमस्कार सांगते.

तुझी,
आत्या


शेणवा
६ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

तू हिरीताईकडे जाऊन आल्याचं लिहिलंच नाहीस. तीन आठवडे झाले. मी रोज पोस्टमनकाकांना विचारते. आता ते लांबूनच हात हलवून नाही म्हणतात.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेत माझा सत्कार आहे. मोठे सर म्हणाले, तू ज्यांच्याकडून शिकलीस त्यांनाही बोलव, त्यांनाही शाल देऊ. म्हणजे तुला. त्यांना हिरीताईही यायला हवी आहे. पुरस्काराच्या अर्जाला तिचा फोटो आणि चार ओळी जोडायच्या आहेत. तू येताना तिला घेऊन येशील का? नाहीतर सर गाडी पाठवतील.

पूजा माझ्याशी नीट बोलत नाही. ओमकार म्हणतो तिला जळफळाट झालाय. मला तसं वाटत नाही. जाऊ दे.

तू ये. निळी साडी नेस, माझ्या गणवेशाला जुळेल.

तुझी,
मनस्वी


सिद्धगडाचा पायथा
१३ जानेवारी २०२५

चि. मनस्वी,

उशीर झाला, रागावू नकोस. चाचणीचे निकाल होते, मग थंडीने घसा धरला.

हिरी बरी आहे. हळूहळू सुधारते आहे. तिला बोलावू नका. गवताचे दिवस आहेत, घरात लहान मुलं आहेत, एवढा प्रवास तिला झेपणार नाही. सरांना माझं नाव सांगून तसं कळव. गाडी पाठवण्याचं तर मुळीच काढू नका. अर्जाला लागतील त्या चार ओळी मी तिला विचारून लिहून पाठवीन.

मलाही यायला जमणार नाही. आमच्याही शाळेत झेंडावंदन असतं. शाल घरातल्या कपाटात पडून राहते, तिचं काय एवढं.

अभ्यास कर. नववीचं वर्ष सोपं नसतं.

तुझी,
आत्या


शेणवा
२८ जानेवारी २०२५

आत्या,

सरांनी गाडी पाठवली. मी तुझा निरोप सांगितला होता. ते म्हणाले, “अगं, तुझ्या आत्याला संकोच वाटतोय. हिरीताईंना नुसतं बघायला तरी येऊ दे.”

मी स्टेजवर होते. गाडीतून आधी धाऊकाका उतरले, हिरीताईचे नवरे. मग त्यांनी एक कुबडी बाहेर काढली. मला वाटलं, त्यांच्यासाठीच असेल. मग ती उतरली. नवीन लुगडं नेसलेली होती. ते एका बाजूला गुडघ्याखाली नुसतंच लोंबत होतं.

आत्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला स्टेजवर चढवलं. सर म्हणाले, “ताई, दोन शब्द बोला.” तिने माईककडे बघितलं आणि म्हणाली, “काय बोलू? पोरगी टायमावर आली. पाय गेला, पण मी हाय.” पुन्हा टाळ्या. मग फोटोवाला म्हणाला, “जरा जवळ या, हसा.” ती हसली. मी कशी दिसले मला माहीत नाही. ओमकारने या वेळी काहीच म्हटलं नाही.

नंतर ऑफिसात चहा होता. धाऊकाका बाबांना सांगत होते, भांडायला नाही, साधं बोलल्यासारखं. “मोठा डॉक्टर बोलला, विष थोडकंच व्हतं, सुईनं उतरलं असतं. अडीच तास रगात अडलं, म्हून पाय मेला. बांधला नसता तर राहता.” मी दारात होते. मला बघून ते दचकले आणि म्हणाले, “मास्तरीणबाय बोलली व्हती, पोरीला सांगू नका. चुकून गेलं तोंडातनं.”

तू डिसेंबरपासून तिच्याकडे जातेस. दर रविवारी. हेही धाऊकाकांनीच सांगितलं. तू तिथे तांदूळ नेतेस, मुलांना वह्या नेतेस आणि मला लिहितेस, हिरी बरी आहे.

आता मी तुला एक गोष्ट सांगते, जी मी तुला लिहिली नव्हती. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी एक डॉक्टर आले होते. ते स्पष्ट म्हणाले होते की साप चावला तर काही बांधायचं नाही. पाय हलू द्यायचा नाही आणि सरळ दवाखाना गाठायचा. मी वहीत उतरवून घेतलं होतं. डोंगरावर पूजा घाबरलेली नव्हती. ती म्हणत होती, “मनू, बांधू नको, काल डॉक्टर काय बोलले?” मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं, “माझ्या आत्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तुझ्या घरी कोणी शाळेची पायरी तरी चढलंय का?” असं म्हटलं मी. तिने स्ट्रेचर उचललं.

काल मी नोंदवहीत सगळं खरं लिहिलं. भोईर मॅडमनी वाचलं आणि ते पान कात्रीने कापून घेतलं. म्हणाल्या, “अर्ज वर गेलाय. शाळेचं नाव आहे. तुझी भावना चांगली होती ना? झालं तर.” बाबा म्हणाले, झालं गेलं सोडून दे. मी गणवेश पूजाच्या घरी नेऊन दिला. तिचा उसवलेला होता. ती आत होती, बाहेर आली नाही. तिच्या आईच्या हातात देऊन आले.

मी पोरगी आहे, माझं पान कोणीही कापतं. तू शिक्षिका आहेस. तू तुझ्या नावाने, सही करून जिल्ह्याच्या ऑफिसला लिही, की मनस्वीला मी शिकवलं आणि ते चूक होतं आणि त्याने हिरीचा पाय गेला. तू लिहीपर्यंत मला पत्र पाठवू नकोस.

मनस्वी


सिद्धगडाचा पायथा
१९ फेब्रुवारी २०२५

चि. मनस्वी,

जिल्ह्याच्या ऑफिसला मी पत्र लिहिलं. दहा तारखेला रजिस्टर केलं. पावती सोबत आहे. म्हणून हे पत्र लिहायची मला परवानगी आहे असं धरते.

त्या पत्रात एक गोष्ट आहे, ती तुला माझ्याकडूनच कळायला हवी. तुझ्या शिबिरातले डॉक्टर जे बोलले, ते मी सात वर्षांपूर्वी मुरबाडला शिक्षकांच्या प्रशिक्षणात ऐकलं होतं. मीही वहीत उतरवून घेतलं होतं आणि खाली रेघ मारली होती. घरी आले आणि पुढच्याच आठवड्यात मुलांना पट्टी आवळायला शिकवली. करंगळी घालून बघितलीसुद्धा. मला आठवतं, मनात आलं होतं की हे नवीन डॉक्टर काहीही सांगतात, आज एक, उद्या दुसरं. पण खरं कारण ते नव्हतं. मला चांगली येणारी तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती चूक आहे असं म्हटल्यावर माझ्याकडे काय उरत होतं? तू पूजाला गप्प केलंस ते एका क्षणात, घाबरलेली असताना. मी ते सात वर्षं शांतपणे करत आले. नोव्हेंबरमधल्या पत्रातही तुला तेच लिहिलं, मोठ्या प्रेमाने.

डिसेंबरच्या त्या रविवारी वाडीत गेले तेव्हा पाय कापून सहा दिवस झाले होते. हिरी अजून मोठ्या दवाखान्यातच होती. धाऊ दारात बसला होता. त्याने मला पाणी दिलं आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. मी पहिलं वाक्य बोलले ते, “माझ्या भाचीला सांगू नका.” हिरी कशी आहे, हे मी त्यानंतर विचारलं. या क्रमाची मला इतकी लाज वाटते, की तुला तीन आठवडे पत्र लिहिता आलं नाही. घसा वगैरे काही धरला नव्हता.

तुझ्यासाठी लपवलं असं मी स्वतःला सांगत होते. थोडं तुझ्यासाठी होतंच. उरलेलं माझ्यासाठी होतं.

आता हिरीचं सांगते. पत्र टाकून आल्यावर तिला सांगायला गेले. मला वाटत होतं, तिला बरं वाटेल. ती ओट्यावर चिंचा फोडत बसली होती. कुबडी भिंतीला टेकवली होती. मी पत्रात काय लिहिलं ते तिला सांगितलं. तिने हातातली चिंच पुरी फोडली, चिंचोके वेगळे केले आणि मग म्हणाली,

“मला विचारलांव का?”

तिने पुढची चिंच उचलली.

“पाय माझा व्हता ना बाय. कागद लिवायच्या आधी विचारायचा तरी.”

मग म्हणाली, “पाव्हणे येतात, बघतात. मी त्यांना सांगते, एक पोरगी आली, तिनं माझा जीव वाचवला. असं बोलते म्हंजे पाय कशापायी तरी गेलाय. आता तुमचा कागद गावभर झाला की लोक बोलतील, हिरीचा पाय चुकीनं गेला. म्हंजे फुकट गेला. तुमचा जीव हलका झाला. माझा काय?”

“तुला माहीत होतं ना, डॉक्टर काय म्हणाले ते?”

“मला काय कळत नाय काय? मला सगळ्यांच्या आधी म्हाईत. मीच बोलली व्हती, सैल कर.”

मनू, हे ऐकल्यावर मला तिच्यासमोर बसवेना, आणि उठवेना. तिच्या पायाबद्दल तिला न विचारता मी दोनदा ठरवलं. आधी गप्प राहायचं ठरवलं, मग बोलायचं ठरवलं. दोन्ही वेळा मला वाटलं, मी भलंच करते आहे. पत्र आता परत येत नाही. आणि आलं असतं, तरी मी ते फाडलं असतं का, याचं उत्तर मला देता येत नाही. तू मागितलंस ते खरंच होतं. पण ते तिच्या अंगावरून गेलं.

ऑफिसातून चौकशीला माणूस येणार आहे. तुझा अर्ज बहुतेक थांबेल. माझ्याकडचा प्रथमोपचाराचा तास काढून घेतला; मी स्वतःच तो सोडायला गेले होते. आता तो तास आरोग्य केंद्रातली नर्स घेते. मी मागच्या बाकावर बसते आणि मुलांबरोबर लिहून घेते.

गेल्या रविवारी हिरीने मला ओट्यावर चढू दिलं नाही. दारातूनच म्हणाली, “तांदूळ नको. वह्या नको. तुमी नको. पोरीला पाठवा. त्या निळ्या कपड्यांत पाठवा, सगळ्या वाडीला दिसल असा. माझ्या हातचा जेवल, माझ्या शेजारी बसल, बस. माफी मागायची असल तर नको पाठवू. रडायची असल तरी नको.” आणि दार लावून घेतलं.

मी तिला कसं सांगू की तो गणवेश तू देऊन टाकलास, आणि कोणाला दिलास.

तू नाहीच म्हणशील, हे मला ठाऊक आहे. तुझ्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं. तू म्हणशील, हे पुन्हा खोटं आहे, स्टेजवरच्यासारखंच. शिवाय तुला त्यासाठी पूजाच्या दारात उभं राहून गणवेश मागावा लागेल, आणि ती या वेळी बाहेर आली तर तिला काय म्हणायचं ते मला तुला शिकवता येणार नाही. शेखरही सोडणार नाही.

तरी मागते. मार्चच्या पहिल्या रविवारी ये. सकाळच्या एसटीने मुरबाडला उतर, मी स्टँडवर असेन आणि वाडीच्या खालच्या वळणापर्यंतच तुझ्याबरोबर येईन. वर एकटी जा. हिरी वाढेल ते सगळं जेव, आणि ती लोकांना तुझ्याबद्दल जे सांगेल, ते तिच्या शेजारी बसून खाली न बघता ऐकून घे.

संजीवनी आत्या